आठव्या दिवसाची काच

इब्राहिमभाईंची आणि माझी पहिली भेट खालापूरच्या बाजारातल्या सभेत झाली. देवाला तांदूळ चिकटवून कौल लावण्याच्या प्रथेवर तासभर तोफ डागून मी खाली उतरलो, तर समोर हिवताप खात्याचे हे तंत्रज्ञ सुई आणि काचपट्टी घेऊन उभे. "भाऊ, दोन दिवस ताप होता ना? बोट द्या." मी हात मागे घेतला. ते म्हणाले, "भाषणात रक्त सांडायला निघाला होतात, इथं थेंबाला नाय म्हणता?" माझ्या तासभराच्या भाषणाला हसले नव्हते इतके लोक तेव्हा हसले.

घाईने पाहिलेली काच म्हणजे खोटी साक्ष, असे भाई मानतात. त्याचे मोल मला शालनमुळे कळले. लोधिवलीच्या माझ्या थोरल्या भावाची, दत्तूदादाची ही मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची. ताप हटेना, नडग्यांवर निळे डाग. हिवतापच, असे सगळे धरून चाललेले. काचेवर हिवतापाचे जंतू नव्हते. भाईंना तेवढे लिहून मोकळे होता आले असते. ते पाहतच राहिले, आणि पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या, अर्धवट वाढीच्या दिसल्या. ती काच घेऊन ते स्वतः आमच्याबरोबर मुंबईला आले. रक्ताचा कर्करोग ठरला.

इस्पितळात मी विचारले, "जगेल की नाही, तेवढंच सांगा."

"हा कौलच मागताय, भाऊ."

मग शांतपणे पुढे म्हणाले, "ही काच आजचं सांगते. आठव्या दिवशी परत बघू. रक्त औषधाला कसं उत्तर देतं, त्यावरून पुढचं बरंच कळतं, असं इथले डॉक्टर म्हणतात."

त्या आठवड्यात पोर पार सुकली. दादाने गावी जाऊन कौल लावला, तो डावा पडला, म्हणजे देवाचा नकार. "पोरीला घरी आणतो. जायचं तर आपल्या दारात जाऊ दे," म्हणाला.

भाई डॉक्टरांकडून दोन काचा मागून लोधिवलीला आले. अंगणात उन्हाला सूक्ष्मदर्शक मांडला. "दादा, बसा. ही पयल्या दिवसाची. मोठ्या जांभळ्या पेशी मोजा."

"लय हायेत, भाई. कुठवर मोजू?"

"आता ही आठव्या दिवसाची."

दादाचा डोळा बराच वेळ वर उठला नाही. "हितं तर हुडकाया लागतंय."

"मग औषध थांबवायचं?"

"नाय. म्हंजे वाचंल?"

"खात्री देत नाय. पण रक्त औषधाचं ऐकतंय. अशा वक्ताला सोडायचं नाय."

दादाने सोडले नाही. उपचार तीन वर्षे चालले. शालन आज एकोणीस वर्षांची आहे.

सगळ्याच काचा असे सांगत नाहीत. पळसदरीच्या एका मुलाच्या रक्ताने दाद दिली नाही. भाईंनी आईबापांना ते खरे सांगितले. डॉक्टरांनी औषध बदलले, तरी मूल गेले. त्या माउलीकडे भाई अजून जातात.

रक्तातल्या खुणा वाचायला माणूस आत्ता कुठे शिकतो आहे. कुणाला कोणते औषध पुरेल, कुणाला अधिक जोराचे हवे, हे आधीच ओळखता येईल आणि पळसदरीच्या त्या मुलासारखी मुलेही घरी परततील, यावर माझा ठाम विश्वास आहे.

भाईंनी साठी गाठली, त्यानिमित्त हे चार शब्द. निवृत्तीनंतरही ते दवाखान्यातल्या काचा पाहतात, आणि स्वतःच्या डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात. परवा शालनने बजावले, "चाचा, तारीख मी घेऊन आलेय. तुम्ही फक्त यायचं."

"बघू गं," भाई म्हणाले.

आपणा सर्वांना माझी विनंती आहे, त्यांना 'बघू' म्हणू देऊ नका. भाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते दोन्ही डोळ्यांनी पाहायला मिळो.