मशीनची मेमरी कुणी खाल्ली?

मला हे सांगायचं नव्हतं. पण कारखान्यातून रिटायर झालेलं आमचं टोळकं रोज चहाच्या टपरीवर बसतं आणि "आबा, सांगा की कॉम्प्युटरचं!" म्हणून माझं डोकं उठवतं. असले किस्से चिपाडासारखे साठतात. काडी कुणीही लावावी, धूर माझ्याच डोळ्यात! बरं, ऐका.

आणीबाणी उठल्यानंतर आठ-दहा वर्षांनी आमच्या सांगलीकडच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला. युनिक्स नावाच्या सिस्टीमवर चालतो म्हणे. मी त्या खोलीचा शिपाई. एसी फक्त तिथंच! चेअरमनचे पाव्हणे मशीन बघायला येत आणि घाम वाळेपर्यंत हलत नसत. एक पाव्हणा जाताना म्हणाला, "मशीन झ्याक हाय. पर एक कॉट टाकायला पायजे हुती!"

* * *

कुणाचा ऊस कधी तोडायचा, ते मशीन ठरवणार होतं. हंगाम तोंडावर. ऑपरेटर बापूनं तो भला मोठा प्रोग्रॅम सुरू केला. मशीन म्हणालं, मेमरी पुरत नाही. परत केला. परत तेच!

शेती अधिकारी म्हणाले, "बैल दमला की आपण औत सोडतो. बंद करा, इसावा द्या त्याला."

कॉम्प्युटरचे मोठे साहेब इनामदार खेकसले, "खबरदार! माझं काम चालू आहे आत."

* * *

मग बापूनं प्रोग्रॅमचे तुकडे केले. तुकडे चालले, पण एका तुकड्याला दुसऱ्याचा पत्ता नाही. एकाच फडात तोडणीच्या दोन टोळ्या धाडल्या! दोन्हीकडं कोयते. मुकादम येऊन बापूला म्हणाला, "तुमच्या मशिनीला म्हणावं, आता भांडान सोडवायला बी ये!"

* * *

इनामदार साहेबांनी गुन्हेगार शोधला. मी! "हा झाडताना मशीनला धक्के देतो. यानंच मेमरी घालवली."

झाडून मेमरी जाते? अरे, मी त्या मशीनसमोर कधी शिंकलो नव्हतो! पण मला उचलून वजनकाट्यावर उन्हात टाकलं. नोकरीवरनं काढायची भाषा सुरू झाली. गाडीवान विचारायचे, "काय गड्या, मेमरी खाल्लीस म्हनं! लय गोड हुती व्हय?" घरी बायको म्हणाली, "पोट भरलं आसंल तर सांगा, भाकरी थापत न्हाई."

* * *

शेवटी पुण्याहून इंजिनिअर बाई आल्या. चौकशीला म्हणून मला दारात उभं केलं. बाईंनी चार बटणं दाबली आणि विचारलं, "एवढी मेमरी अडवून बसलेला हा दुसरा प्रोग्रॅम कुणाचा?"

सगळे एसीकडं बघायला लागले.

"साहेबांचा," बापू पुटपुटला. "लेकीची पत्रिका जुळवायला लावलीया. रोज नवी स्थळं घालत्यात."

"तुम्हाला माहीत होतं? मग बंद का नाही केलात?"

"आवं बाई, साहेबांच्या लेकीचं लगीन मी कसं बंद करू?"

बाईंनी बटण दाबलं. तोडणीचा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात सुरू!

साहेब कळवळले, "अहो, साताऱ्याचं स्थळ जुळत आलं होतं!"

* * *

मला परत खोलीत घेतलं. चुकलं म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. बऱ्याच वर्षांनी मिरज स्टेशनावर साहेब भेटले, सोबत जावई. माझ्या खांद्यावर हात टाकून जावयाला म्हणाले, "हेच बरं का ते! आमच्या मशीनची मेमरी यांनीच घालवली होती."

माझी माफी मागायची अजून राहिलीय. कुणी? इनामदार साहेबांनी!