आखाजीच्या दिवशी पपईवर घेतलेला आळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी मी सासुरवाडीत खोटं बोललो, आणि त्याचा दोष बायकोच्या माथी आला.

मला आयबीएस आहे. आतड्यांचं हे दुखणं तपासणीत दिसत नाही, बसूही देत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी लो फॉडमॅप आहार सांगितला, म्हणजे पोटात वायू धरणारे पदार्थ बंद. गहू, कांदा, लसूण गेले, आंबाही गेला. पपई चालत होती. बायको पिकल्या पपईचा घट्ट रस करायची, आलं-लिंबू घालून. भाताबरोबर तो मी रोज खायचो, आणि पोट शांत असायचं.

आमच्याकडे आखाजीला पितरांना आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणी आंबा चाखत नाही. म्हणून त्या दिवशीच्या रसाच्या पहिल्या वाटीला जावयाने नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. बायकोने लोणखेड्याला, तिच्या माहेरी, डब्यातून पपईचा रस नेला आणि गुपचूप माझ्या वाटीत ओतला. मेहुणीने तो ओळखलाच.

"दाजी, आखाजीले पपई? आमना आंबा आंबट शेतस का?"

सगळे हसले. मला ते झोंबलं. बायको आत गेल्यावर मी आमरस मागून घेतला, दोन वाट्या, वर गव्हाचे मांडेही.

दुपारी पोटात पीळ पडू लागला. ओसरीतून अंगणात, अंगणातून संडासात, पुन्हा ओसरीत. काय झालं म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, "पपई बाधली वाटतं."

सासूबाई लेकीवरच उखडल्या. "जवाईले काय वाढानं, इतलं भी कळस नही का तुले?" चार माणसांत. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पोट धरून मान खाली घातली.

घरी आल्यावर तिने पपई आणणं बंद केलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हले काय सोसस, ते तुम्हीच देखा," एवढंच म्हणाली. मग मी नुसता भात खाऊ लागलो. जेवताना मध्येच उठायचो, उगाच पाणी प्यायचो, पुन्हा बसायचो. पोट ठीक होतं, पण तिचं ते पाहणं काही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

शेवटी एका सकाळी ती समोर असतानाच सासूबाईंना फोन लावला.

"आई, मी खोटं बोलनू. आंबाना रस मी मांगी खादा व्हता. पपईना दोष नव्हता, तिना तर नव्हताच. तुम्ही तिले बोलनात, ते माले बोलाले पाहिजे व्हतं."

फोन ठेवून मी बायकोकडे वळलो. "सगळासमोर तुले बोलनं खावं लागनं, आनि मी गप बसनू. माले माफ कर."