चुलीत गेलेली कापी

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. विहारातल्या माणसांपाशी नाही, खाणीतल्या जुन्या जोडीदारांपाशी नाही, पोटच्या पोरीपाशी तर नाहीच. आणि जिला सांगायला पाहिजे होतं ती गेली — या धानकापणीला वर्ष होईल. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. खरं म्हणाल तर तुमच्यावरही माझा पुरता भरवसा नाही. पण आता भरवसा मोडून माझं जायचं काय राहिलं?

माझ्या बायकोवर, कौसल्यावर, एक आळ आहे. शिकणाऱ्या लेकीची कापी, म्हणजे लिहायची वही, तिनं कागद समजून चुलीत घातली आणि पोरीचं एक वर्ष बुडवलं, असा. आमच्या वस्तीत, सोयऱ्यांत, सगळ्यांना तो ठाऊक आहे. कौसल्या गेली, आळ तिथंच आहे. मी त्या आळाबद्दल सांगायला बसलो आहे. पण सरळ सांगवत नाही. थोडं आडून येऊ द्या.

मी चौथी शिकलेला माणूस. तीस-बत्तीस वर्षं चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत, जमिनीखाली काढली. माझं काम सुरुंग उडाल्यावरचं. धूर निवळला की सगळ्यांच्या आधी आत जायचं, लांब सब्बलनं, लोखंडी पहारीनं, डोक्यावरचं छत ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. टणक वाजलं तर ठीक. पोकळ वाजलं तर तिथला दगड पाडून टाकायचा, मग मागच्यांना हाक मारायची. दिसायला सगळं छत सारखंच असतं. त्यामुळे डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हीच आमची विद्या. संशय घेतला म्हणून मी जिवंत वर आलो, आणि माझ्यामागचेही आले.

चूक एवढीच झाली की वर आल्यावरही मी ठोकतच राहिलो. माणसांना. घरच्यांना.

रिटायर होऊन आम्ही सिहोऱ्याकडच्या आमच्या गावी आलो. धानाच्या शेताच्या दोन बांध्या होत्या, त्या करू लागलो. सुजाता आमची एकुलती, ती नागपूरला शिकायची. इंजिनियर झाली, त्याच्याही पुढचं शिकायला लागली. विषय कोणता म्हणून विचारलं तर म्हणाली, मोबाइल आणि वायरलेस नेटवर्क. मी म्हटलं, तार नाही तर जातं कशातून? ती म्हणाली, हवेतून, लाटेसारखं. आता सांगा, जे दिसत नाही, हाताला लागत नाही, ते कोणी दोन वर्षं शिकतं का? खाणीत टेलिफोन होता, त्याची तार वरून खालपर्यंत डोळ्यांनी दिसायची. मला वाटलं, पोरगी मला गुंडाळते आहे. चौथी शिकलेल्या बापाला गुंडाळायला कितीसं लागतं?

शेवटच्या वर्षी ती रोवणीपासून दर शनिवारी गावी येऊ लागली. यायची, भाकर खायची, आणि फोन व कापी घेऊन निघायची. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठावरच्या पारीवर उभी, मग शाळेच्या भिंतीपाशी, मग मोहाच्या झाडामागे, मग आमच्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर. प्रत्येक जागी फोन हातात धरून हळूहळू चारी दिशांना फिरायची आणि कापीत काही लिहायची. रोवणी झाली, धान गुडघ्याला आलं, लोंबी धरली, तरी हिचं तेच. त्याच जागा, त्याच वेळा.

गाव पाहतं ना. पानठेल्यावर गोपाळनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गा भाऊ, पोरगी धानाचे फोटो काढून राहिली का धानाले आपला फोटो दाखवून राहिली?" लोक हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू उरलं नव्हतं.

मी तिला सरळ का विचारलं नाही? कौसल्यानं विचारलं होतं, तिला पोरीनं सगळं नीट सांगितलंही होतं. मी वाकडं विचारायचो — "कोण भेटलं व आज मोहापाशी?" असं. असल्या प्रश्नाला पोरगी काय उत्तर देईल? ती माझ्याकडे नुसती पाहायची आणि आत जायची. आणि मी म्हणायचो, पाहा, पोकळ वाजलं.

एका शनिवारी मी तिच्या मागे गेलो. हो — बाप होऊन लेकीच्या मागे, बोडीच्या पारीखालून वाकून गेलो. ती फोनवर बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं, "हो सर. झाडाच्या मागेच उभी आहे. एकटीच आहे." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. ते सर, तिला शिकवणारे, पुढे पदवीच्या दिवशी भेटले. डोक्यावर केस नाही, माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला पाहून उठून उभे राहिले. पण ते पुढचं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडी मी तिची कापी उघडली. इंग्रजी मला येत नाही, पण जागांची नावं तिनं मराठीत लिहिली होती. बोडीची पार, सहा वाजता. मोहाचं झाड, साडेसहा. धुरा, सात. पुढे कसले तरी आकडे, आकड्यांच्या आधी आडवी रेघ. पानामागून पान तेच. आता माझं ऐका. खाणीत फळ्यावर जागा आणि वेळ एका ओळीत लिहितात तेव्हा तिथं सुरुंग उडणार असतो. कोणी तरी ठरवलेलं असतं, कोणी तरी तिथं येणार असतं, बाकीच्यांनी तिथून निघायचं असतं. जागा आणि वेळ सोबत लिहायचं दुसरं कारण मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. मी ती कापी तशीच वाचली. भेटीच्या वेळांचा हिशोब म्हणून.

आमच्या वस्तीत म्हातारे लोक एकच सांगत आले — उपाशी राहा, पण लेकराच्या हातातलं पुस्तक हिसकू नका. माझ्या बापानं मला चौथीतून काढलं त्याचं दुःख तो मरेपर्यंत बोलून दाखवायचा. मी ते ऐकत मोठा झालो.

कापणी सुरू होती. सुजाताचं काम त्या शनिवारी संपलं, कापी फळीवर ठेवून ती रविवारी मैत्रिणीकडे तुमसरला गेली. कौसल्या बांधीत भारे बांधायला गेली. घरात मी एकटा. अंगणात आमची पाणी तापवायची चूल आहे. गॅस होता, पण अंघोळीचं पाणी चुलीवरच. मी ती तारेच्या वळ्यांनी बांधलेली कापी घेतली आणि चुलीत घातली.

पुठ्ठा लवकर पेटेना. मी काडीनं पानं उलटी करत बसलो. भर दुपारी, उघड्यावर. मला वाटत होतं मी घर वाचवतो आहे.

इथपर्यंत सांगून थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता — अडाणी बाप, गैरसमज झाला, होतं असं. मीही तेच म्हणून पाहिलं आहे. पण तो दोष मी लपवलेला नाही. लपवलेला पुढे आहे.

संध्याकाळी पोरगी आली आणि कापी शोधू लागली. फळी पाहिली, पेटी पाहिली, गादीखाली पाहिलं. मग तिचा चेहरा पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, भेटीच्या वेळांसाठी कोणाचा चेहरा असा होत नाही. तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही पाहिली का माही कापी?" आणि मी — कसलाही विचार न करता, जणू शब्द तोंडात तयारच होते — म्हणालो, "सकाळी तुह्या मायनं चुलीत कागद टाकले. मीनं पाहिले."

कौसल्या तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मीनं? मीनं तं जुना पेपर घेतला होता."

मी म्हटलं, "पेपरच्या संगं गेली असल. तुले कुठं वाचता येते?"

तिचे सुपातले हात तसेच राहिले. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं — असं पाहिलं, की हे आपले आहेत का, यांनी असं केलं का? मग हळू म्हणाली, "असल व बाई. माह्याच हातानं झालं असल."

पोरगी ओरडली नाही. खाली बसली आणि मग तिनं सांगितलं, तेव्हा मला कळलं ती कापी काय होती. बांधीत पाणी भरलं, धान वाढलं, झाडाला पानं आली की फोनची लाट कुठं अडते, कुठं पोहोचते, ते ती मोजत होती. खेड्यातल्या माणसाचा फोन पावसाळ्यात काहून लागत नाही, याचा अभ्यास. आकडे फोनमध्ये होते, पण कोणता आकडा कुठल्या जागेचा, तिथं तेव्हा पाणी किती, धान केवढं, हे सगळं फक्त कापीत होतं. आणि आता धान कापलं. बांधी कोरडी. पुन्हा मोजायचं तर पुढची रोवणी यावी लागणार.

ती बोलत होती तेवढा वेळ माझ्याकडे होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी उठलो आणि बैलाला पाणी दाखवायला गेलो.

पोरीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिनं सगळं पहिल्यापासून केलं, तीच बोडी, तोच मोह. फक्त कापी ती घरात ठेवत नव्हती, झोळीत घालून जेवतानाही मांडीवर घ्यायची. मायशी वाईट कधीच बोलली नाही. पण झोळी मायच्या हाती देत नव्हती, आणि मायही मागत नव्हती. माय-लेकीत एवढीशी फट पडली. ती मी पाडली. पुढे पदवी मिळाली, पुण्याला नोकरी लागली. फट राहिली.

कौसल्यानं त्या दिवसानंतर घरात एक कागद जाळला नाही. चूल तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, पेटवायची. किराण्याची पुडी आली तरी मला दाखवायची, "हा कामाचा हाय का?" मी चिडायचो. ती गेल्यावर खाटेखालून एक गाठोडं निघालं. त्यात बिस्किटाच्या पुड्यांचे कागद, लग्नपत्रिका, इलेक्शनचे पर्चे, औषधाच्या खोक्यांतल्या चिठ्ठ्या. कामाचा कोणता ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं सगळेच ठेवले होते.

आणि त्यातच कापीची ती वळ्यावळ्यांची तार होती. काळी पडलेली.

आता मला सांगा, ती तार तिनं कधी उचलली असेल? राख तीच काढायची — रोज सकाळी, पाणी तापवून झालं की, शेतात जायच्या आधी. त्या रविवारीही काढली असणार. मग सोमवारच्या राखेत तार निघाली, तर कापी रविवारी सकाळी नाही, ती घरात नसताना जळली. हे तिला कळलं नसेल? वाचता येत नव्हतं, पण राख तिच्याइतकी कोणाला कळत होती? का तिनं तार उचलली आणि तिला वाटलं, ही माझ्याच पापाची? मी ती तार हातात घेऊन कितीदा बसलो. मेलेल्या बायकोलाही मी ठोकून पाहतो आहे, पाहा.

शेवटी तिचं हृदय थकलं. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. सुजाता पुण्याहून आली, उशाशी बसली. दुपारची वेळ, शेजारच्या खाटेवरची बाई संत्री सोलत होती. कौसल्यानं पोरीचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुही कापी मीनं जाळली. तुहं वरीस खाल्लं मीनं. मले माफ करजो." पोरगी रडायला लागली, म्हणाली, "माय, मी तं केव्हाच विसरली." मग कौसल्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. पोरगी तिथं होती, ती तिथं होती, तिघांशिवाय ऐकणारं आमचं कोणी नव्हतं. त्याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही. आणि मी काय म्हणालो ते सांगतो, कारण तेच सांगायला एवढं बोललो.

मी म्हणालो, "जाऊ दे, सुजाताची माय. मीनं बी तुले माफ केलं."

हो. मी तिला माफ केलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुजातानं चार लोकांत सांगितलं की बाबांनी मायला शेवटी किती जपलं. बायांनी डोळ्याला पदर लावला. मी खाली पाहत बसलो, आणि लोकांना ते दुःख वाटलं.

पोरगी रोज संध्याकाळी फोन करते. जेवले का, गोळी घेतली का, विचारते. मी हो म्हणतो. फोन चांगला लागतो आता, आवाज अगदी जवळून येतो. अजून मी तिला सांगितलेलं नाही. सांगेन असंही मी तुम्हाला म्हणत नाही.

कौसल्या त्यानंतर दोन दिवस होती. माझं ते वाक्य ऐकल्यावर सलाइनची सुई टोचलेला हात तिनं कसाबसा उचलला, त्याला दुसरा लावला, आणि मला हात जोडले. मी ते जोडू दिले.