त्याच्या नावाचा सदरा

कोऱ्या कापडाचा वास आला की आमच्या गिरीज गावातला लहानपणीचा एक नाताळ आठवतो. मला गोवर झाला, तेव्हा शेजारचा माझा मित्र रोज चोरून खाटेपाशी येऊन बसायचा. मी बरा झालो; त्याला मात्र त्याच दुखण्यानं नेलं. नाताळच्या सकाळी त्याची आई चर्चमधल्या मिस्साहून थेट आमच्या घरी आली. त्याच्यासाठी घेतलेल्या कापडाचा सदरा तिनं माझ्या मापानं शिवला होता. मी मागे सरलो. "घाल रे पोरा, त्याच्या नावानं देते," म्हणत तिनंच बटणं लावली. मला रडू फुटलं, तशी म्हणाली, "तुझा काय दोष? तू त्याला येऊ नको म्हणायचास. सांगितलंय त्यानं मला." खरं तर खिडकीतून मीच त्याला हाका मारायचो. ती जाऊनही आता वर्षं लोटली. तिला हे सांगायचा धीर मला कधीच झाला नाही.