करडीच्या तेलावरचा कटर

माझ्या कानाची ख्याती नांदेडपासून लातूरपर्यंत होती. हे मी सांगत नाही, लोक सांगायचे. मी फक्त त्यांना चहा पाजायचो. पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन, ज्याला आमच्याकडे सगळे नुसतं ‘कटर’ म्हणतात, ते माझ्या दुकानाच्या पायरीवर कुणी सुरू केलं की मी आत पाठमोरा बसून सांगायचो: प्लगवर काजळी आहे, फिल्टर तुंबलाय, आणि मालक बायकोशी भांडून आलाय. तिन्ही गोष्टी खऱ्या निघायच्या. उमरीच्या एका गड्याने फोनवरून मशीन ऐकवलं, तर मी त्याचा कार्ब्युरेटर फोनवरच लावून दिला. तो दरसाल आंब्याची पेटी पाठवतो. पेटी येते, आंबे वाटेत कमी होतात.

पण ज्या साली गवतच उगवलं नाही, त्या साली गवत कापायच्या मशीनचा मिस्त्री काय करणार? ऊन असं की भिंतीवरच्या पाली बिऱ्हाड मोडून माठाखाली राहायला आल्या होत्या. टँकरच्या रांगेत बिनदाढीचा उभा राहिलेला माणूस नंबर लागेपर्यंत दाढीवाला व्हायचा. तालुक्यात दोनच गोष्टी वाढून राहिल्या होत्या, वेडी बाभूळ आणि नव्या जिल्ह्याची चर्चा. दोन्हींना पाणी लागत नव्हतं. आपला तालुका जिल्हा होणार, यावर चहाच्या टपरीत रोज शिक्कामोर्तब व्हायचं. मीही त्यात होतो. जिल्हा झाला की कलेक्टर कचेरी आली, कचेरी आली की हिरवळ आली, हिरवळ आली की कटर आला आणि कटर आला की मी आलो, असा माझा सरळ हिशेब होता.

त्या उन्हाळ्यात आख्ख्या गावात एकच कटर रोज चालायचा. तो होता तेलाच्या घाण्याच्या अप्पांचा.

अप्पा म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात एकच विषय: करडीचं तेल. त्यांच्या घाण्याचं तेल इतकं शुद्ध की दिव्यात घातलं तर काजळी धरत नाही, असं ते म्हणायचे आणि ते खरं होतं. घरी माणूस कुणी उरलं नव्हतं. एक म्हैस होती. पेंड घाण्याची होती, त्यामुळे तिची उपासमार नव्हती. पण नुसत्या पेंडीवर म्हैस जगत नाही, पोटात काडी लागते. लोकांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली. अप्पा म्हणाले, “माझी म्हैस दुसऱ्याच्या दावणीला उभी राहायची न्हाई.” अप्पांचे गुडघे गेलेले, विळा घेऊन बसता येत नव्हतं, आणि मजूर सगळे ऊसतोडीला. मग त्यांनी चांगल्या दिवसांत लातूरच्या प्रदर्शनातून आणलेला कटर बाहेर काढला. आटलेल्या तलावाच्या काठाला वाळका लव्हाळा उभा होता. कटरच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने तो उभ्या उभ्या कापायचा, चादरीत बांधायचा आणि म्हशीपुढे टाकायचा. असा एकेक दिवस अप्पा ढकलून राहिले होते. पाऊस पडेपर्यंत तो लव्हाळा पुरला असता. मी मोजून बघितला होता.

एक दिवस अप्पा टपरीवर आले. आम्ही सात-आठ रिकामटेकडे बसलो होतो.

“शरणार्थ, अप्पा. बसा.”

“बसत न्हाई. अरे, पेट्रोलात टाकायचं ते टू-स्ट्रोकचं ऑइल कुठंच मिळून न्हाई राहिलं. दुकानदार म्हणतो, गवत न्हाई तर ऑइल कशाला ठेवू. तुझ्याकडं हाय का?”

माझ्या फळीवर दोन पुड्या होत्या. पण सात-आठ माणसं माझ्या तोंडाकडे बघून राहिली होती आणि मला इतकं चांगलं गिऱ्हाईक कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

“अप्पा,” मी म्हणालो, “घरात तेलाची गंगा असून तुम्ही ऑइलच्या पुड्यांसाठी कशाला हिंडून राहिलात? कंपनीचं तेल म्हणजे काय, भेसळच की. तुमचं करडीचं टाका. असं पळंल मशीन, की तुम्हाला धरावं लागंल.”

“खरंच चालतं?”

“तुमच्या तेलावर तुमचाच भरोसा न्हाई?”

ते वर्मी बसलं. अप्पा ताठ झाले. “माझं तेल पोटात चालतं, तर इंजिनात का न्हाई चालायचं?” म्हणाले आणि गेले. टपरी अशी हसली की टपरीवाल्याने उकळी उतू जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाकडून वारा आला आणि आख्ख्या गावात भजी तळल्याचा वास सुटला. कटर करडीच्या तेलावर चालून राहिला होता. लोक घरातून बाहेर येऊन कुणाकडे कार्य आहे ते विचारायला लागले. दोन कुत्री तलावापर्यंत जाऊन निराश होऊन परतली. टपरीवर मला फुकट चहा सुरू झाला. रोज सकाळी वास आला की कुणीतरी म्हणायचं, “अप्पांनी कांदा कापला, चला.”

आणि रोज मला तो आवाज ऐकू यायचा. पहिल्या दिवशी टणटणीत. तिसऱ्या दिवशी घसा बसल्यासारखा. करडीचं तेल तापलं की चिकट होतं, मग घट्ट होतं. फोडणीच्या कढईच्या कडा ज्याने घासल्यात त्याला विचारा. पिस्टनच्या भोवतीची रिंग चिकटून राहिली होती. पाचव्या दिवशी रिकामं फिरवतानासुद्धा इंजिन धापा टाकू लागलं. एक हाक मारली असती, फळीवरची पुडी नेऊन दिली असती, सिलिंडर धुऊन दिला असता, तर वाचलं असतं. माझा कान सगळं सांगत होता. पण रोजचा चहा फुकट होता.

आठव्या दिवशी आवाज बंद झाला.

अप्पा कटर खांद्यावर घेऊन आले. मी खोललं. रिंग तिच्या खाचेत अशी बसली होती, जशी चिक्कीत शेंगदाणा. सिलिंडरला आतून उभे ओरखडे.

“पिस्टन-सिलिंडर नवा लागंल, अप्पा. नांदेडहून मागवतो.”

“किती दिवस? लव्हाळा तसाच उभा हाय. म्हशीला दोन दिवसांचंच कापून ठेवलंय.”

“परवा येतो.”

माल खरंच परवा आला, एसटीच्या पार्सलातून. मी खोकं उघडतोय तोच नव्या जिल्ह्याच्या कमिटीचे अध्यक्ष चार माणसं घेऊन दारात उभे. त्यांच्याकडे अप्पांसारखाच कटर होता, गोदामात पडून पिस्टन जाम झालेला. उद्या मंत्र्यांचं हेलिकॉप्टर येणार, जिल्ह्याची घोषणा होणार, शाळेचं मैदान साफ करायचं. मैदानात गवताची चार काडं होती. ती एक शेळी तासाभरात साफ करती, पण शेळी शोभली नसती.

“आज करून दे,” अध्यक्ष म्हणाले. “कलेक्टर कचेरीच्या बागेचं काम मग तुझंच.”

अप्पांसाठी आलेला नवा पिस्टन मी अध्यक्षांच्या कटरात बसवला. स्टार्टरची दोरी ओढली, एका झटक्यात सुरू. इतकं सुंदर काम मी पुन्हा कधी केलं नाही.

संध्याकाळी अप्पा आले. “आला का माल?”

“गाडी चुकली, अप्पा. येऊन राहिलाय.”

ते चार दिवस रोज आले. रोज गाडी चुकली. हेलिकॉप्टरही आलं नाही. अध्यक्ष टोपी घालून दुपारपर्यंत आभाळाकडे बघत बसले आणि मान अवघडून घरी गेले. जिल्हा तर आजपर्यंत झाला नाही. इकडे म्हशीपुढची काडी संपली, आणि ती भुकेने हंबरते म्हणून अप्पा तिला पेंड घालत गेले. नुसती पेंड. पाचव्या दिवशी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. दुपारी बसली ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानात आले आणि स्टुलावर बसले. पहिल्यांदाच बसले. घमेल्यात त्यांच्या कटरचे तुकडे होते. त्यांनी काळा पडलेला पिस्टन उचलला, धोतराने पुसला, चिकट रिंगवरून नख फिरवलं.

“एक विचारतो, खरं सांग. इंजिन माझ्या तेलानं गेलं, म्हैस माझ्या पेंडीनं गेली. घाण्यात खोट आली का रे माझ्या?”

तिथे बाहेरचं कुणी नव्हतं. हसायला कुणी नव्हतं. मला म्हणता आलं असतं की तेल सोन्यासारखं आहे, खोट माझ्या तोंडात होती. पण मग पिस्टन कुठे गेला तेही निघालं असतं.

“असंल अप्पा,” मी म्हणालो. “थोडी.”

त्यांनी मान हलवली, जशी औषधाचं नाव ऐकून हलवतात.

अप्पांच्या घाण्याची करकर गावाला सकाळचं घड्याळ होती. त्यानंतर ती ऐकू आली नाही. घाणा बंद, पण दुकान उघडं ठेवायचे, डबे भरलेले, आणि जो येईल त्याला सांगायचे, “घेऊ नका, तेलात खोट हाय.” लोकांना वाटायचं अप्पा गंमत करून राहिलेत. लोक बळेच घेऊन जायचे.

आमच्या घरी त्यांचंच तेल लागायचं. महिन्याने आईने किटली देऊन मला पाठवलं. मी टाळत होतो, पण गेलो. अप्पांनी किटली हातात घेतली, डब्याचं झाकण उघडलं, माप तेलात बुडवलं आणि तसंच परत रिकामं केलं.

“बाकीचे ऐकत न्हाईत,” ते म्हणाले. “तू तर इंजिन आतून बघितलंयस. तुला कसं देऊ, बाबा.”

आणि किटली फडक्याने बाहेरून पुसून माझ्या हातात दिली.