टाचण्या आणि राडारोडा

हडपसरच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागल्यापासून आठवड्यातली एकच सकाळ माझ्या वाट्याला येत असे, रविवारची. मे महिन्यातल्या अशाच एका रविवारी बाबांनी माझ्याबरोबर तळ्यावर यायचा हट्ट धरला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. तिथल्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे बोलणं कायम ओरडून. पक्षी बघायला न्यायला याहून अयोग्य माणूस सापडला नसता.

सकाळीच ऊन चटके देत होतं. पाणी आटून उघड्या पडलेल्या चिखलात एक वंचक, मातकट रंगाचा बगळा, मासा टिपायला मान ताणून उभा होता. मी दुर्बीण डोळ्यांना लावते तोच बाबांनी विचारलं, "हा कुठला गं?" वंचक उडाला. पुढे शेकाट्यांचं तेच झालं, मग खंड्याचं. शेवटी वैतागून मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "बाबा, आता एक शब्दही बोलू नका." ते मुकाट्याने लांब दगडावर जाऊन बसले. मग मलाही धड काही बघवेना.

थोड्या वेळाने त्यांनी हाताने बोलावलं. लव्हाळ्याच्या पात्यावर निळ्या टाचण्यांची जोडी होती. चतुरासारखेच, पण सुईएवढे बारीक कीटक. नराने शेपटीने मादीची मान धरली होती आणि ती पाण्यात अंडी घालत होती. आम्ही उकिडवे बसून बघत राहिलो.

तेवढ्यात राडारोड्याने भरलेला एक ट्रॅक्टर उलटा येत तिथेच टेकला. पलीकडे नवी सोसायटी उठत होती. मी धावत जाऊन ड्रायव्हरला इथे कीटकांची अंडी आहेत वगैरे समजावू लागले.

"म्याडम, डासांचीच असणार की," तो म्हणाला. "बुजवलेलं बरंच हाय."

मी पुन्हा समजावू लागले. बाबा मात्र शांतपणे येऊन ट्रॉलीमागे मांडी घालून बसले. ड्रायव्हरने विनवलं, दमही दिला. यांना अक्षर ऐकू येत नव्हतं. कंटाळून तो निघाला आणि थोडं पुढे, बाभळीपाशी, सगळा राडारोडा तळ्यातच ओतून गेला.

"काय उपयोग झाला?" मी बाबांच्या कानात ओरडले.

"इथे नाही ना टाकला," ते पँट झटकत म्हणाले.

मला ते अजिबात पटलं नाही. घरी पोहोचेपर्यंत मी धुसफुसत होते.