तांबड्याखालची काळी

धारवाडात माणूस कुठून आलाय हे विचारावं लागत नाही, धोतराचा काठ बघितला की पुरतं. काठ तांबडा असेल तर स्वारी गावातल्याच टेकड्यांवर फिरून आली, काळा असेल तर हुबळीकडून. जयतीर्थाची आत्या अंबूताई धुण्याच्या दगडाशी उभी राहून हा निवाडा रोज करायची. भाच्याच्या बाबतीत मात्र तिची पंचाईत व्हायची, कारण या पोराच्या धोतराला दोन्ही रंग लागलेले असत.

"माणसं देवळाला जातात, नाटकाला जातात. तू कुठं लोळून येतोस रे?" असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता धोतर आपटायला लागायची.

लोळत कसला, बघत होता तो. धारवाड वसलंय तांबड्या मातीवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत मसारीवर. हुबळी काळ्या एरीवर. हुबळीहून कलघटगीच्या सडकेला लागलं की काळी जमीन जाऊन पुन्हा तांबडी येते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एक माती नेमकी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. जयतीर्थाचं तेवढं अडलं. काही माणसांचं असंच जगावेगळ्या जागी अडतं, आणि माझ्या मते तीच माणसं सुखी होतात.

त्याचे वडील बाळाचार्य हायस्कुलात संस्कृत शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. सोवळ्याओवळ्याचे कडक आणि जिभेचे त्याहून कडक. बायको लवकर गेली, तेव्हा थोरली विधवा बहीण घरात आली आणि तिनंच जयतीर्थाला वाढवलं. मुलानं वकील व्हावं, निदान मास्तर तरी व्हावं, एवढीच आचार्यांची इच्छा. मुलगा निघाला पुण्याच्या शेतकी कॉलेजात. "आचार्यांच्या पोरानं नांगर धरला म्हणे!" असं लोक हसले. आचार्य हसले नाहीत, पण फीचे पैसे वेळेवर पाठवत राहिले.

पुण्याला जयतीर्थाला हवं ते सापडलं. जमीन म्हणजे वरून दिसते तेवढीच नव्हे. खड्डा खणून भिंत सुरीनं तासली की खाली एकावर एक थर दिसतात, आणि त्या थरांवरून ती माती कशी घडली ते वाचता येतं, हे त्याला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी तो जेवायचं विसरला होता. नमुना तळाच्या थरापासून वर घेत जायचा, नाहीतर वरची माती खाली सांडून घोटाळा होतो. आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसलं तर चुना आहे, नाही तर नाही. मग गावाचा नकाशा घेऊन जिथं जी माती, तिथं तो रंग भरायचा. पदवी झाली. वरच्या परीक्षेसाठी प्रबंध लिहायचा होता. त्यानं विषय घेतला, हुबळी ते कलघटगी पट्ट्यातल्या मातीचा नकाशा.

तो घरी येऊन कामाला लागला तेव्हा बाळाचार्यांनी एक अट घातली. हुबळीच्या एका शाळेचे हेडमास्तर विठ्ठलराव हे त्यांचे जुने स्नेही. त्यांच्याकडे शास्त्रशिक्षकाची जागा होती आणि ती त्यांनी आचार्यांच्या शब्दाखातर अडवून धरली होती. "श्रावणाच्या आत तुझा प्रबंध पुण्याला गेला तर तू मोकळा," आचार्य म्हणाले. "नाही गेला तर गुपचूप शाळेत रुजू व्हायचं. मातीत आयुष्य घालायला मी तुला जन्म दिला नाही."

जयतीर्थ उन्हाळाभर उन्हात करपला. खड्डे खणले, नमुने पिशव्यांत भरले, एकेक खेप पुण्याला प्रयोगशाळेत पाठवली. शेवटची खेप तेवढी राहिली. कलघटगीच्या सडकेवर महादेवप्पा नावाच्या शेतकऱ्याचं रान होतं. जयतीर्थाच्या हिशेबानं काळ्या आणि तांबड्याची सीमा तिथूनच जात होती. त्या रानातल्या आणि आजूबाजूच्या खड्ड्यांचे ते नमुने सोप्यात फळ्यांवर सावलीत वाळत पडले होते, प्रत्येक ढिगाशेजारी चिठ्ठी. सीमेची रेघ त्यांच्यावरच ठरायची होती.

आणि आली मण्णेत्तिन अमावास्या.

कारहुण्णवीला, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला, खऱ्या बैलांचं कोडकौतुक झालं की पाठोपाठच्या अमावास्येला आमच्याकडे घरोघर मातीचे बैल करून पुजतात. त्यासाठी चिकट माती लागते. लहानपणापासून ती आणून द्यायचं काम जयतीर्थाचं. उणकलच्या तळ्यावरून तो टोपली भरून आणायचा. पुण्याला गेल्यापासून ते बंद पडलं आणि अंबूताईला शेजाऱ्यांपुढं हात पसरावा लागे. यंदा अमावास्येच्या दिवशी तिनं सोप्यात बघितलं, तर फळ्यांवर चाळून ठेवावी तशी सुंदर माती! काळी, तांबडी, सगळ्या तऱ्हेची. पोरानं आठवणीनं, न सांगता आणली! तिचा ऊर भरून आला. तिनं चिठ्ठ्या चुलीत घातल्या आणि माती कालवली, सगळी एकत्र.

जयतीर्थ हुबळीहून परतला तेव्हा देवापुढं बैलजोड्या उभ्या होत्या. डोळ्यांच्या जागी गुंजा, शिंगांना हळद, पुढं गव्हाण. उरलेली माती आळीतल्या पोरांना वाटून झाली होती.

"बघ की रे," अंबूताई म्हणाली, "कशी माती आणलीस! असे बैल दहा वर्षांत झाले नाहीत बघ."

जयतीर्थानं सोप्यातल्या फळ्यांकडे बघितलं. ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. पण आत्याचं तोंड नुसतं उजळलं होतं. "छान झालेत, आत्या," तो म्हणाला आणि आरतीला उभा राहिला. मागं उभ्या बाळाचार्यांनी एकदा रिकाम्या फळ्यांकडे बघितलं, एकदा मुलाकडे. अंबूताईला ही गोष्ट शेवटपर्यंत कुणी सांगितली नाही, आणि ते फार बरं झालं.

आता काय? पाऊस लागलेला. त्या जमिनीत आता पाऊल टाकायचं म्हणजे चिखल वहाण काढून घेतो. श्रावण तोंडावर. दोन-तीन दिवस जयतीर्थ नुसता आढ्याकडे बघत पडला. मग त्याच्या मनात पाप आलं. महादेवप्पाच्या खड्ड्यात काय होतं ते त्याला तोंडपाठ होतं: वर तांबडी, खाली कठीण मुरूम. अगदी तशीच माती धारवाडच्या टेकडीमागं मिळते. एका दुपारी तो गेला, खोदून घेऊन आला, सोप्यात बसून पिशव्यांत भरू लागला आणि चिठ्ठी लिहू लागला.

"ही माती कलघटगीच्या सडकेची काय?" वरून आवाज आला. बाळाचार्य उभे होते.

"नाही, अण्णा."

"मग चिठ्ठीवर तिथलं नाव कसं?"

"माती तशीच आहे, अण्णा. मी बघितलीय ना ती. पुण्यात कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय की," आचार्य म्हणाले आणि आत निघून गेले.

जयतीर्थ कानशिलापर्यंत तापला. शरम तर वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला. अट घालणारे हेच, आणि वाट अडवणारेही हेच! प्रबंध बुडाला की शाळेची जागा पक्की, मग यांच्या मनासारखंच होणार की. त्यानं पिशव्या अंगणात रिकाम्या केल्या आणि न जेवता झोपला.

सकाळी उठून बघतो तर आचार्य छत्री, उपरणं आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात तयार. परगावी जाताना ते दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नसत. घासून लख्ख केलेला हा तांब्या बरोबर न्यायचे आणि त्याला कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत.

"कुठं निघालात, अण्णा?"

"तुझ्याबरोबर. एकटा चिखलात अडकलास तर काढणार कोण? ऊठ, मोटार चुकेल."

महादेवप्पानं कपाळाला हात लावला. पेरणी झाली होती, नवा खड्डा खणू द्यायला तो तयार नव्हता. पण बांधाच्या कोपऱ्यातला उन्हाळ्यातला खड्डा तसाच होता, पाण्यानं अर्धा भरलेला. बादलीनं पाणी उपसलं. तळाशी बादली बुडेना तेव्हा जयतीर्थ ओंजळीनं गाळ काढू लागला. वरून बाळाचार्य बघत होते. त्यांनी उपरणं बाभळीला अडकवलं, धोतराचा काचा मारला आणि कुणी हात द्यायच्या आत खड्ड्यात उतरले. उतरले ते उतरले, तांब्यातलं पाणी ओतून टाकून त्याच तांब्यानं गाळ उपसू लागले.

"अण्णा, तांब्या!"

"चिंचेनं घासला की झालं. तू तुझं काम कर."

पाणी उपसून झाल्यावर जयतीर्थानं कुदळ घातली. उन्हाळ्यात इथं कुदळ खणखणली होती आणि मुरूमच असणार म्हणून तो थांबला होता. परतीच्या मोटारीची वेळ झाली होती, आम्लाचा थेंबही त्यानं टाकला नव्हता. आता भिजलेला तो कठीण थर फुटला, आणि खालून निघाली काळी माती. कुळकुळीत, चिकट, हुबळीची. मुरूम नव्हताच तो, चुन्याच्या खड्यांचा थर होता. वरची तांबडी माती उतारावरून कधीकाळी वाहून आली होती आणि काळीवर पसरली होती.

जयतीर्थानं आम्लाची बाटली काढली, पण चिखलानं माखलेल्या हातांनी बूच निघेना. आचार्यांनी बाटली घेतली आणि सांगितलेल्या जागी थेंब टाकला. माती फसफसली.

"अरे, बोलली की ही!" आचार्य म्हणाले. त्यांनी आणखी एक थेंब टाकला. मग आणखी एक. गुडघाभर चिखलात उभा राहून साठीकडे झुकलेला तो माणूस लहान पोरासारखा हसत होता, आणि जयतीर्थाला आपल्या बापाचं हे हसू नवीन होतं.

सीमेची रेघ चुकली होती, आणि एकाच खड्ड्यात चुकली असेल असं नव्हे. काळी या तांबड्याखाली कुठवर गेलीय ते बघायला पुन्हा बरेच खड्डे हवे होते, आणि ते दिवाळीनंतर रान मोकळं झाल्याशिवाय शक्य नव्हतं. म्हणजे श्रावण हातचा गेला. संध्याकाळी हुबळीत उतरल्यावर आचार्य "विठ्ठलरावांकडे जाऊन येऊ" म्हणाले तेव्हा जयतीर्थानं काय ते ओळखलं. अट म्हणजे अट. तो मागून चालला.

विठ्ठलराव दारातच थबकले. "आचार्य! हा काय अवतार? पडलात काय कुठं?"

"पडलो नाही, उतरलो होतो," आचार्य म्हणाले. चिखलाच्या पायांनी ते आत गेले नाहीत, कट्ट्यावरच बसले. "विठ्ठलराव, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. तुम्हाला उगीच अडकवून ठेवलं."

"म्हणजे प्रबंध झाला वाटतं?"

"कुठला! अजून वर्ष जाईल. निम्मी माती बघायची राहिलीय आमची."

जयतीर्थ अंगणात उभा होता. 'आमची' हा शब्द त्यानं नीट ऐकला. तो पायांवर पाणी घ्यायचं निमित्त करून रहाटाकडे वळला, आणि तिथं त्यानं तोंडही धुतलं.